बोटभर मागं

किमया सातपुतेला कुणाचीही नक्कल जमायची. दूधवाला, गल्लीतल्या शेवंतामावशी, बातम्यांत पावसाचा अंदाज सांगणारा तो घोगरा माणूस, सगळे तिच्या अंगात तयार. माणूस एकदा नीट बघितला की झालं. शाळेत तिनं हेडसरांची नक्कल केली आणि सर मागंच उभे होते.

"माफी माग," सर म्हणाले.

"कशाची? नक्कल कुठं चुकली काय?"

वर्ग फुटला हसून. सर लाल झाले. दुसऱ्या दिवसापासून किमया शाळेत गेलीच नाही. दहावीचं वर्ष होतं. आई रडली, ओरडली, शेवटी एक दिवस अबोला धरून बसली. पण किमयाचं डोकं एकदा फिरलं की फिरलं.

आईचं नाव मालन. ती कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालायची. चामडं कापायला, शिवायला यंत्रं येऊन बरीच वर्षं झाली होती. वेणी मात्र अजून हातानंच होत होती, कारण यंत्राची वेणी दिसायला देखणी असली तरी पायाला चावायची. मालनची वेणी चावायची नाही. डाव्या हातानं ती पट्ट्या ताणून धरायची, उजव्यानं गुंफायची, आणि तोंडानं किमयाला शिव्या द्यायची. तिन्ही कामं एका लयीत.

एका दुपारी डाव्या हातातली पट्टी सुटली. मालनला वाटलं, घामानं निसटली. हात पदराला पुसावा म्हणून तिनं उचलायला घेतला, तर हात मांडीवरच. जणू शेजारच्या बाईचा हात कुणी चुकून तिच्या मांडीवर ठेवून गेलंय.

लकवा. डावी बाजू गेली. जीव वाचला, पाय चाकाच्या खुर्चीपुरते उरले. दवाखान्यातून सुटताना मालन एकच विचारत होती, "वेणी घालता येईल न्हवं?"

त्याचं उत्तर म्हणून घरात घर आलं.

ते पाठवलं लकव्याच्या माणसांना पुन्हा उभं करणाऱ्या उभारी केंद्रानं. तिथली रुबिना मुल्ला दोन मिस्त्री घेऊन आली आणि त्यांच्या दोन खोल्या आठवड्याभरात बदलून गेल्या. फरशीखाली वजन ओळखणारी जाळी पसरली. भिंतींना कमरेच्या उंचीवर कठडे बसले, डावीकडं एक, उजवीकडं एक. कठड्यांच्या आत अशा तारा होत्या की वीज खेळली की आखडायच्या, थांबली की सैल पडायच्या. रुबिना म्हणायची, "हे घराचे स्नायू." त्या तारांवर कठडा भिंतीतून बाहेर यायचा, आत जायचा. ओटा खुर्चीच्या उंचीला खाली बसायचा आणि किमया आली की वर उठायचा. फळ्या खाली उतरायच्या. उंबरासुद्धा चाकं जवळ आली की फरशीत बुडायचा आणि चाकं गेली की पुन्हा वर. मालननं पहिल्याच दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं. शेवंतामावशी दारातून म्हणाल्या, "मालन, उंबरा वाकतोय गं तुझ्यापुढं! आमच्या घरात सून पण वाकत न्हाई."

पण खरी गंमत होती दोन कड्यांत. दोन्ही मनगटांत घालायची साधी काळी कडी. रुबिनानं मायलेकींना समोर बसवून समजावलं.

"मावशी, हात हलायच्या आधी डोक्यातनं निरोप निघतो. तो स्नायूत पोचला की तिथं विजेची बारीक लहर उठते. तुमच्या डाव्या हाताला निरोप अर्धाच पोचतोय. म्हणून हात हलत नाही, पण लहर उठते. आपल्याला दिसत नाही, कड्याला ऐकू येते. लहर आली की घर पुढं येणार. पण पूर्ण नाही यायचं. बोटभर अलीकडं थांबायचं. ते बोटभर तुम्ही तोडायचं. तोडलंत की पुढच्या वेळी घर आणखी बोटभर मागं. असं करत करत एक दिवस घर भिंतीत, आणि हात तुमचा."

"आणि न्हाई तोडलं तर?"

"तर थांबेल. वाट बघेल. घराला कंटाळा येत नाही." रुबिनानं किमयाकडं बघितलं. "माणसाला येतो."

"किती दिवस लागत्याल?"

"तुम्ही चामडं भिजवता ना? ओलं असतं तोवर वळतं, वाळलं की मोडतं. डोक्याचंही तसंच असतं. पहिले सहा महिने ओलं. नंतरही वळतं, पण लई कष्टानं."

हे मालनला पटकन कळलं. ती मान डोलवत राहिली.

त्याआधी एक आठवडा 'माप' द्यायचं होतं. घर गप्प राहणार, कशालाच मदत करणार नाही, नुसतं ऐकणार. मालननं दोन्ही हातांनी वाटी, फळी, नळ, कठडा, सगळ्यापर्यंत पोचायचा जोर लावायचा. हात पोचो न पोचो, जोर महत्त्वाचा. कारण कड्याला फ्रिजची घरघर, वायरींची गुणगुण, छातीचे ठोके, सगळंच ऐकू येतं. त्यातली माणसाची लहर कुठली, हे घर त्या आठवड्यात शिकणार. जे त्यात येणार नाही ते पुढं कायमची खरखर समजून टाकून देणार.

"घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," रुबिनानं किमयाला बजावलं. "मदत केलीस तर माप बिघडेल."

पहिल्या दिवशी मालननं डाव्या हातानं वाटी उचलायचा जोर लावला. कपाळावर घाम, ओठ वाकडा, हात जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कसाबसा खांद्यानं फेकलेला हात वाटीवर आदळला आणि पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. पुन्हा भरली, पुन्हा सांडली. किमया दारात उभी होती. गल्लीतल्या मंडळाच्या स्टेजवर संध्याकाळी तिच्या नकलांचा कार्यक्रम होता, तालमीला पोरं कधीची खोळंबलेली. पण तालीम हे निमित्त. खरं म्हणजे तिला तो वाकडा ओठ बघवत नव्हता.

"एक वाटी उचलायला सांगितलीय," ती कडाडली, "डोंगर न्हाई!"

मालननं वर बघितलं. उजव्या हातानं डावं कडं ओढून काढलं, उजवं दातानं काढलं, दोन्ही पलंगावर टाकली आणि म्हणाली, "मला निजव."

गोळी घेऊन ती भिंतीकडं तोंड करून झोपली. किमया कड्यांकडं बघत बसली. माप पुरं झालं नाही तर केंद्रवाले सामान पुढच्या घरी नेणार होते. आई आता उठून पुन्हा तेच करणार, पुन्हा सांडणार, पुन्हा तो ओठ. आणि मग तिला सुचलं ते तिच्यासारख्या पोरीलाच सुचावं.

तिनं कडी आपल्या मनगटात घातली. चाकाच्या खुर्चीत बसली. वजन जुळावं म्हणून भिजवलेल्या चामड्याची गुंडाळी मांडीवर घेतली. आणि आई झाली.

मान डावीकडं कलती. खांदा पडलेला. डावा हात मांडीवर, मेलेल्या माशागत. उजव्या हातानं ती हळूहळू, थांबत थांबत वाटीपर्यंत गेली, फळीपर्यंत गेली. डाव्याला तिनं बोटसुद्धा हलू दिलं नाही. नक्कल म्हणजे नक्कल. पुढचे चार दिवस आईनं कडी घालायचं नावच काढलं नाही; ती दुपारी झोपली की किमयाचा हा प्रयोग चालायचा. आठवडा संपला. भिंतीतून बारीक सूर वाजला. माप मिळालं. आईला वाटलं, आपल्या तीन दिवसांतच भागलं.

किमयाला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला अभिमानच वाटला. माणसं फसवली होती तिनं, आता घर फसवलं.

आणि घर तरी काय, झकास चालू झालं. मालन नुसती वळली की उजवीकडचा कठडा तिच्या तळव्याखाली. तहान लागली की पाण्याची फळी उजव्या हाताशी. मालन हसायला लागली. "किमे, बघ की! मनातलं ओळखतंय गं हे. तुझ्या बाला लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी जमलं न्हवतं."

दोघी हसल्या. किमया मंडळात नकला करायची, रात्री जेवायला घरी. घरी सगळं कसं सुरळीत. डाव्या भिंतीतला कठडा कधी बाहेर यायचा नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही. त्यावर ती ओढणी वाळत घालायची.

मालननं एकदा वेणी घालून बघितली. पट्टीचं टोक दातात धरलं, उजव्या हातानं गुंफलं. वेणी झाली, पण सैल. तिनं ती उलटसुलट करून बघितली आणि कचऱ्यात टाकली. "दातानं ताण येत न्हाई," एवढंच म्हणाली. नंतर पट्ट्यांचा डबा तिनं पलंगाखाली सरकवला.

सहा महिने होत आले होते. एका सकाळी चहा पिताना मालन म्हणाली, "सगळ्या गावाची नक्कल करतीस. माझी कधी केली न्हाईस."

किमयानं कप खाली ठेवला. "तुझी काय करायची?"

"का? मी काय कमी नमुना हाय? कर की. मला हसायचंय."

"करते. आधी नीट बघू दे."

आणि ती बघायला लागली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं आईकडं नकलेच्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे दुसरं काही न करता, नुसतं बघितलं.

मालनला खिडकी उघडायची होती. तिनं मान वळवली. आधी तिचा डावा खांदा आत ओढला गेला, किंचित. मग गळ्याची शीर ताठली. मग पदराखाली काहीतरी हललं. करंगळी. डाव्या हाताची करंगळी मांडीवरून उचलली गेली, थरथरली, तशीच राहिली. तेवढ्यात उजवा कठडा सरसरत पुढं आला, उजवा तळवा त्यावर टेकला, खिडकी उघडली. आणि करंगळी खाली पडली.

किमयाला वाटलं, भास झाला. दिवसभर ती बघत राहिली. पाण्याला करंगळी. दिव्याला करंगळी. शेवंतामावशींनी बाहेरून हाक मारली, तर आधी करंगळी. प्रत्येक वेळी डावा हात आधी विचारत होता. प्रत्येक वेळी घर उजवीकडून उत्तर देत होतं. मालनला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

किमयानं मापाच्या दिवसांत पडलेला खांदा केला होता, कलती मान केली होती, मेलेला हात केला होता. सगळं हुबेहूब. पण आईनं वाटीपाशी लावलेला जोर तिनं केलाच नव्हता, कारण तो बाहेरून दिसत नव्हता. आणि घराला नेमकं तेवढंच हवं होतं. आईच्या पहिल्या तीन दिवसांच्या लहरी किमयाच्या चार दिवसांखाली पुसल्या गेल्या, आणि घर शिकलं की ह्या डाव्या हाताला काही म्हणायचं नाही. त्यामुळं पुढं तो जे जे म्हणाला ते सगळं खरखर.

सहा महिने आई ओरडत होती. आणि घराच्या कानात बोळे किमयानं घातले होते.

त्या संध्याकाळी ती मंडळात गेली नाही. कठड्यावरची ओढणी काढली. आईला जेवायला वाढलं. "कधी करतीस माझी नक्कल?" मालननं विचारलं.

"जमत न्हाई," किमया म्हणाली.

"तुला? जमत न्हाई?" मालन हसत सुटली. "मग लई अवघड दिसतोय माझा रोल."

सांगायचं होतं. तीन-चार वेळा तोंड उघडलंही. पण आईचा हसरा चेहरा बघितला की शब्द मागं फिरायचे. मनात चोर बसला की चिडकं माणूस आणखी चिडतं. दूध उतू गेलं म्हणून ती दूधवाल्यावर खेकसली, शेवंतामावशींना उलटून बोलली.

चार दिवसांनी रुबिना आली, सहामाही तपासणीला. तिनं भिंतीला घराच्या नोंदी दाखवणारी पाटी लावली, बराच वेळ बघितलं, मग मालनच्या शेजारी स्टुलावर बसली.

"मावशी, उजवी बाजू उत्तम. डावीला मात्र एकही लहर नाही. आपण डावी बाजू बंद करूया. घर एकहाती बसवून देते, त्रास काही होणार नाही. डावीकडचा कठडा गडहिंग्लजच्या एका पोराला लागणार आहे. पुढच्या सोमवारी गाडी येईल."

मालननं आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. उजव्या हातानं तो उचलून मांडीवर नीट ठेवला, जसं कुणी झोपलेल्या पोराला सरळ करतं.

"न्या," ती म्हणाली. "त्या लेकराला उपयोगी पडूदे. मी लई जोर लावला बघा, ताई. सांगते, मनापासनं लावला. पण माझ्यातच न्हाई, त्याला घर काय करणार?"

"खोटं आहे ते!"

किमया दारातून ओरडली. दोघी दचकल्या.

"माप आईचं न्हवतं. माझं होतं. कडी मी घातली होती. खुर्चीत मी बसले होते. ती झोपली होती तेव्हा. डावा हात मी हलवलाच न्हाई. तिचा हलतोय! रोज हलतोय, करंगळी हलतीय, मी बघितलंय, तुमची पाटी खोटारडी आहे, मी... मी केलंय ते."

रुबिना उभी राहिली. "तुला कळतंय काय केलंस? उजव्याचं माप घरानं मागनं दुरुस्त करून घेतलं. डाव्याला तू दारच ठेवलं नाहीस. ओले महिने होते ते, किमया! परत कुठून आणायचे?"

"मला काय माहीत होतं..."

"सांगितलं होतं मी. ह्याच खोलीत. तुझ्याच तोंडावर."

खरं होतं. किमयानं खाली बघितलं. आईची शिवी यावी, थप्पड यावी, काहीतरी यावं असं तिला वाटत होतं.

मालननं खुर्ची वळवली. उजव्या हाताचा जोर लावून, कठड्याची मदत न घेता, पलंगावर जाऊन बसली.

"बस," ती म्हणाली. रिकाम्या खुर्चीकडं बोट दाखवलं. "कशी केलीस ती दाखव."

"आई, नको."

"मागितली होती न्हवं मी? कर."

किमया खुर्चीत बसली. आजवर शेकडो लोकांपुढं तिनं नकला केल्या होत्या, आईपुढं आईची ही पहिलीच. तिनं मान कलती केली. खांदा पाडला. डावा हात मांडीवर सोडला. उजव्या हातानं हळूहळू वाटीकडं गेली.

मालन बघत होती. डोळे न मिटता, शेवटपर्यंत.

"झकास," ती म्हणाली. "बाहेरनं मीच. आत मात्र कुणी न्हाई."

किमया हुंदके देऊन रडायला लागली. मालननं तिला जवळ घेतलं नाही. रुबिनाला विचारलं, "माप परत घेता येतं?"

"येतं. पण मावशी, खरं सांगते, चामडं बरंच वाळलंय. लहर मिळाली तर डावी बाजू राहील. हात किती वळेल ते मी आज नाही सांगू शकत. आणि खोट्या मापाचं मला वर कळवावं लागणार."

"कळवा. सोमवारपर्यंत घर गप्प करा."

घर गप्प झालं. ओटा वर गेला तो वरच राहिला. फळ्या उंच. उंबरा आडवा. मालन सहा महिन्यांत पहिल्यांदा आपल्याच घरात अडकली. पहिल्या दिवशी तिनं किमयाला समोर उभं केलं.

"तेवढे दिवस माझा हात तू झालीस. आता तुझे हात पाठीमागं धर. आणि बाहेर पळायचं न्हाई. बघायचं."

किमयानं बघितलं. वाटी सांडताना, पुन्हा भरताना, पुन्हा सांडताना. लुगडं भिजताना. वाकडा ओठ, ताठ शीर, कपाळावरचा घाम. 'डोंगर न्हाई' हे आपलेच शब्द तिला प्रत्येक सांडण्याबरोबर ऐकू यायचे. धावत जाऊन वाटी आईच्या हातात द्यावी असं शंभरदा वाटलं. पाठीमागं तिनं आपलंच मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली. बघता बघता तिला कळलं, डोंगरच होता तो. रोज चढत होती ती बाई, आणि दारातून आपण घड्याळ बघत होतो.

मालन तिच्याशी कामापुरतं बोलत होती. पाणी भर. बाजूला हो. शिवीसुद्धा देत नव्हती. ते सगळ्यात वाईट होतं.

सोमवारी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन दारात उभा राहिला. रुबिनानं पाटीवर काहीतरी दाबलं. भिंतीतून तो बारीक सूर वाजला. घर जागं झालं.

"मावशी, डाव्या हातानं. कशाचाही विचार करा, फक्त त्या हातानं."

मालननं किमयाला पलंगाखालचा डबा काढायला सांगितला. त्यातल्या तीन पट्ट्या उजव्या हातात घेतल्या. दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. ते धरायला हात हवा होता. तिनं डाव्या हाताकडं बघितलं.

खांदा आत ओढला गेला. शीर ताठली. करंगळी उचलली गेली.

काहीच झालं नाही. मिस्त्रीनं पेटी खाली ठेवली.

आणि मग डाव्या भिंतीत काहीतरी कुरकुरलं. सहा महिने झोपलेल्या तारा आखडल्या. कठड्यावरची धूळ खाली पडली. तो अडखळत, थांबत, पुन्हा निघत भिंतीतून बाहेर आला, मालनच्या डाव्या हाताकडं आला, आणि तिच्या बोटांपासून बोटभर अलीकडं थांबला.

मालन त्या कठड्याकडं बघत राहिली.

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "ऐकू जात होतं की गं माझं."

किमयाला ते वाक्य छातीत बसलं. आनंदाचं होतं की नाही, तिला कळलं नाही. तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

"इकडं बघ," मालन म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जुनी धार होती. "रडायला फुरसत हाय तुला, भवाने? ही पट्टी धरायची हाय मला."

मिस्त्री पेटी उचलून बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मालनचा हात मांडीवरून किंचित सरकला, थरथरला, थांबला. पुन्हा सरकला. मधलं अंतर तेवढंच होतं. किमयानं एक पाऊल टाकलं असतं तर मिटलं असतं.

घर थांबलं होतं. किमयानं हात पाठीमागं धरले आणि तीही थांबली.